दुर्गम टेलिकॉम साइट सोलर आणि बॅटरीवर उभी करताना: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझी पहिली सोलर साइट पहाटे साडेचारला बंद पडली. चार दिवस आभाळ भरलेलं होतं. पाचव्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं, तरी साइट उठेना. मदतनिसाला घेऊन डोंगर चढून वर पोचलो तेव्हा दुपार झाली होती. शेल्टरचं दार उघडलं तर आत पूर्ण शांतता, रेडिओवर एकही दिवा नाही. बाहेर पॅनेल तापलेली. मीटर लावला तर स्ट्रिंगवर, म्हणजे एकापुढे एक (सिरीजमध्ये) जोडलेल्या पॅनेलच्या ओळीवर, ९६ व्होल्ट आणि बॅटरीच्या टर्मिनलवर शून्य.

बॅटरी खराब झालेली नव्हती. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाचं राखणदार सर्किट असतं. सेल फार रिकामे झाल्यावर त्याने बॅटरी बाहेरच्या जगापासून तोडली होती. आणि पॅनेलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या चार्ज कंट्रोलरला बॅटरीचं व्होल्टेज दिसत नव्हतं, म्हणून तो चार्जिंग सुरू करत नव्हता. लॅपटॉपच्या पिशवीतल्या एका छोट्या डीसी पॉवर सप्लायने बॅटरी जागी केली आणि साइट चालू झाली.

उतरताना डोक्यात एकच हिशोब चालू होता. बॅटरी किती दिवस पुरेल हे मी नीट काढलं होतं. रिकामी झाल्यावर ती किती दिवसांत परत भरेल, हे मात्र काढलंच नव्हतं. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या आकड्यासाठी आहे.

तशी टेलिफोन आणि सोलर यांची सोबत जुनी आहे. बेल लॅब्सने सिलिकॉनचा सोलर सेल १९५४ मध्ये जगाला दाखवला आणि १९५५ मध्ये त्याची मैदानी चाचणी घेतली ती अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अमेरिकस गावाजवळच्या ग्रामीण टेलिफोन लाइनवर. तेव्हापासून प्रश्न तोच आहे: ऊन नसेल तेव्हा काय?

१. लोड स्वतः मोजा

डेटाशीटवरची वीज ही बहुतेक वेळा कमाल वीज असते. बीटीएस (मोबाइलचं बेस स्टेशन) किंवा रेडिओ रात्री कमी ट्रॅफिकवर बराच कमी करंट घेतो. त्यामुळे डेटाशीटवरून काढलेला लोड कधी फार मोठा येतो, आणि उलट बाजूने कॅमेरा, राउटर, विमानांसाठीचा टॉवरवरचा दिवा, शेल्टरचे पंखे हे लोक मोजायलाच विसरतात. तसंच उपकरण दुसऱ्या चालू साइटवर असेल तर तिथे डीसी क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून निदान २४ तासांची नोंद घ्या.

दोन गोष्टी आधीच कापून टाका. पहिली, एअर कंडिशनर. सोलर साइटवर तो परवडत नाही. उघड्यावर बसणारी उपकरणं निवडा किंवा बाहेरची हवा आत खेचणारे डीसी पंखे लावा. दुसरी, इन्व्हर्टर. एखादा छोटा एसी राउटर चालवायला इन्व्हर्टर बसवला आणि तो रिकामा असतानाही ३० वॅट खात असेल, तर दिवसाला ०.७२ युनिट त्यातच गेलं. ४८ व्होल्टवर चालणारा राउटर शोधा, नाहीतर डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा.

पुढच्या हिशोबासाठी सरासरी लोड ४०० वॅट धरू. म्हणजे दिवसाला ९.६ युनिट, अर्थात ९.६ किलोवॅट-तास.

२. वर्षातला सर्वात वाईट महिना शोधा

वर्षाची सरासरी इथे कामाची नाही. ग्लोबल सोलर अ‍ॅटलस, नासा पॉवर, पीव्हीजीआयएस या वेबसाइटवर जागेचे अक्षांश-रेखांश टाकले की महिनावार सूर्यप्रकाश फुकट मिळतो. त्यातला सर्वात कमी महिना उचला. आपल्या उदाहरणात त्या महिन्यात रोजचं पूर्ण ऊन ३.५ तासांइतकं आहे असं धरू. पूर्ण ऊन म्हणजे चौरस मीटरला १,००० वॅट.

वाईट महिना कोणत्या कारणाने वाईट आहे हेही बघा, कारण पॅनेलचा कल त्यावरच ठरतो. हिवाळ्यात सूर्य खाली जातो म्हणून ऊन कमी असेल, तर कल अक्षांशापेक्षा १० ते १५ अंश जास्त ठेवल्याने फायदा होतो. ढगांमुळे कमी असेल, तर प्रकाश सगळ्या आभाळातून विखुरलेला येतो आणि जास्त कल दिल्याने उलट नुकसान होतं. तरी १० अंशांच्या खाली जाऊ नका. सपाट पॅनेलवर पाणी साचतं आणि खालच्या कडेला मातीची पट्टी धरते.

३. पॅनेल किती, आणि तो विसरलेला आकडा

धूळ, उष्णता, केबल, कंट्रोलर, बॅटरी यांत मिळून सुमारे ३० टक्के जातात असं मी धरतो. म्हणजे ९.६ ला ३.५ ने भागायचं आणि परत ०.७ ने. उत्तर येतं ३.९ किलोवॅट. ५५० वॅटची ८ पॅनेल, ४.४ किलोवॅट. नवखा माणूस इथेच थांबतो. मीही थांबलो होतो.

आता बॅटरी ३ दिवसांची ठेवली असं समजा, म्हणजे २८.८ युनिट. ती ढगाळ दिवसांत रिकामी झाली. ऊन पडल्यावर ८ पॅनेल दिवसाला १०.८ युनिट देतात. त्यातली ९.६ लोडच खातो. बॅटरीत जातं ते जेमतेम १.२ युनिट. २८.८ भरायला २४ दिवस लागतील. एवढ्या दिवसांत पुन्हा ढग येणारच, आणि दुसऱ्या फेरीला बॅटरी अर्धीच भरलेली असेल.

१० पॅनेल लावली तर रोजची शिल्लक ३.९ युनिट होते आणि बॅटरी साडेसात दिवसांत भरते. १४ लावली तर ९.३ युनिट, म्हणजे ३ दिवसांच्या थोडं वर. आठावरून चौदावर जाताना जवळपास साडेतीन आठवड्यांची चिंता नाही उरत, कारण २४ दिवसांचे ३ दिवस होतात. म्हणूनच बॅकअप कमी वाटतोय अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न पॅनेलचा असतो. जास्तीची बॅटरी भरायला ऊनच नसेल, तर ती नुसती रिकामी पडून राहते. जागा मिळत असेल तर १४ लावा. आपण पुढे १४ धरू, म्हणजे ७.७ किलोवॅट.

दाट ढगांतही पॅनेल थोडंफार देतातच. तो भाग मी हिशोबात घेत नाही, राखीव समजतो.

४. बॅटरी

लिथियममध्ये टेलिकॉमसाठी सहसा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी वापरतात. २८.८ युनिट हवीत आणि क्षमतेच्या ८० टक्केच वापरायची, तर ३६ युनिटची बॅटरी लागते. म्हातारपणी तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल असं धरलं तर ४५. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचं एक मॉड्यूल ५.१२ युनिटचं असतं, तेव्हा ९ मॉड्यूल.

लेड-अ‍ॅसिड घ्यायची तर निम्म्याच्या खाली नेऊ नका. तोच बॅकअप ४८ व्होल्टवर १,२०० अँपिअर-तास मागतो, आणि म्हातारपणाची सोय धरली तर १,५००. वजन डोंगरावर कसं नेणार याचा विचार आधी करा. लेड-अ‍ॅसिडची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ती अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि क्षमता कायमची जाते. सोलर साइटवर नेमकं हेच घडतं. शिवाय तिचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि त्यापुढे दर १० अंशांना साधारण निम्मं होतं.

एलएफपीला अर्धवट राहण्याचा त्रास नाही, पण ० अंशाखाली ती चार्ज करायची नाही. केली तर आत लिथियम धातू साचतो आणि सेल कायमचा बिघडतो. थंड प्रदेशात हीटर असलेलं मॉड्यूलच घ्या.

५. उणे ४८ व्होल्टचा सापळा

टेलिकॉममध्ये पॉझिटिव्ह अर्थ केलेला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो आणि निगेटिव्ह हा चालू वायर असतो. जमिनीतल्या तांब्याच्या तारा गंजून झिजू नयेत म्हणून ही पद्धत पूर्वीपासून पडली. सोलरचा बराचसा बाजार मात्र निगेटिव्ह अर्थ धरून माल बनवतो. त्यातून तीन घोटाळे होतात:

- फ्यूज आणि एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) सवयीने पॉझिटिव्हवर लावले जातात. इथे ते निगेटिव्हवर हवेत.
- काही कंट्रोलरमध्ये अर्थ फॉल्ट ओळखण्यासाठी निगेटिव्ह आतूनच अर्थला जोडलेला असतो. तो तसाच बसवला तर बॅटरी थेट अर्थमधून शॉर्ट होते. पॉझिटिव्ह अर्थ चालतो असं निर्मात्याकडून लेखी घ्या.
- कंट्रोलरच्या डेटा पोर्टचा ग्राउंड बऱ्याचदा बॅटरीच्या निगेटिव्हशी एक असतो. तो अर्थ केलेल्या राउटरला साध्या केबलने जोडला की पोर्ट जळतो. मध्ये आयसोलेटर लावा.

६. स्ट्रिंग आणि कंट्रोलर

कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज मिळेल असं व्होल्टेज स्वतः शोधणारा. ५५० वॅटच्या पॅनेलचं काम करतानाचं व्होल्टेज ४१-४२ असतं, म्हणजे एकट्या पॅनेलने ४८ व्होल्टची बॅटरी भरणार नाही. दोन सिरीजमध्ये हवीत.

मग तीन का नकोत? उघड्या सर्किटला एक पॅनेल सुमारे ५० व्होल्ट देतं. तीन म्हणजे १५०, आणि १५० व्होल्टचा कंट्रोलर बाजारात सर्रास मिळतो. कागदावर बरोबर जुळतं. पण ते ५० व्होल्ट २५ अंशांवरचे आहेत. थंडीत व्होल्टेज दर अंशाला सुमारे ०.२७ टक्का वाढतं. ० अंशाच्या पहाटे पहिलं ऊन पडताच तीन पॅनेल १६० वर जातील आणि कंट्रोलर जळेल. दोन पॅनेल १०७ वर थांबतात. तुमच्या जागेचं आजवरचं किमान तापमान घेऊन हा हिशोब स्वतः करा.

१४ पॅनेल म्हणजे ७ स्ट्रिंग. एका मोठ्या कंट्रोलरऐवजी दोन घ्या, एकावर ४ आणि दुसऱ्यावर ३. एक बिघडला तरी निम्मी साइट जिवंत राहते. ४ स्ट्रिंगच्या बाजूला ५४ व्होल्टवर साधारण ८१ अँपिअर येऊ शकतात, तेव्हा १०० अँपिअरचा कंट्रोलर बघा. तीन किंवा जास्त स्ट्रिंग समांतर असतील तर प्रत्येकीला फ्यूज हवा. किती अँपिअरचा, ते पॅनेलच्या मागच्या लेबलवर छापलेलं असतं.

७. सेटिंग: साइट इथेच मरते किंवा वाचते

एलव्हीडी म्हणजे व्होल्टेज पडल्यावर लोड तोडणारा कॉन्टॅक्टर. त्याने बीएमएसच्या आधी काम केलं पाहिजे, कारण बीएमएसने तोडलं की माझ्यासारखी पायपीट ठरलेली. १६ सेलच्या एलएफपीत बीएमएस सेलमागे साधारण २.५ ते २.८ व्होल्टवर तोडतं, म्हणजे एकूण ४० ते ४५. मी एलव्हीडी ४८ वर ठेवतो. त्याच्या बऱ्याच आधी, बॅटरी ३० टक्क्यांवर आली की कॅमेरा आणि दुय्यम बँड बंद करतो, म्हणजे मुख्य रेडिओ जास्त तग धरतो.

ती टक्केवारी बीएमएसकडून किंवा शंटवरून (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणाऱ्या पट्टीवरून) घ्या. एलएफपीचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहतं, त्यावरून अंदाज बांधू नका. लोड परत जोडायचा तोही टक्केवारीवर, २५ च्या आसपास. नुसत्या व्होल्टेजवर ठेवला तर सकाळच्या पहिल्या उन्हात व्होल्टेज उसळतं, लोड जोडला जातो, व्होल्टेज पडतं, परत तुटतो. कॉन्टॅक्टर दिवसभर टकटक करत राहतो आणि लवकर जातो.

लेड-अ‍ॅसिडवरून एलएफपीवर येताना जुन्या दोन सेटिंग बंद करायला विसरू नका: तापमानानुसार व्होल्टेज बदलणं आणि इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने चार्ज करणं). लेड-अ‍ॅसिडला पहिली गरजेची असते, सेलमागे अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट. एलएफपीला ती लागत नाही, आणि थंडीत ती व्होल्टेज चढवत नेऊन बीएमएसकडून बॅटरी तोडवते.

बॅटरी नसतानाही पॅनेलवर जागा होणारा कंट्रोलर आणि चार्जरचं व्होल्टेज आलं की आपोआप उठणारं बीएमएस, ही जोडी खरेदीआधीच विचारून घ्या. टेबलावर दोन्ही जोडून, बॅटरी मुद्दाम तोडून, स्वतः पाहा.

८. जागा आणि सावली

टॉवरची सावली हा सोलर साइटचा कायमचा शत्रू. पॅनेल टॉवरच्या विषुववृत्ताकडच्या बाजूला बसवा, म्हणजे सावली मागे पडते. ताणाच्या तारांची बारीक सावलीसुद्धा चालत नाही. एका पॅनेलचे सेल सिरीजमध्ये असतात, एका सेलवर सावली आली तर त्या ओळीचा करंट पडतो. एकदा एका स्ट्रिंगचा करंट रोज दुपारी घसरायचा. कारण होतं वरच्या अँटेनावर बसणारे पक्षी आणि पॅनेलच्या एकाच कोपऱ्यावर वाळलेला तळहाताएवढा पांढरा थर.

सूर्य वर्षात सर्वात खाली असतो त्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ३ सावली कुठे फिरते ते आधी काढा. शेजारची झाडं पाच वर्षांनी किती वाढतील हेही डोळ्यासमोर आणा.

९. केबल, अर्थिंग, वीज

४८ व्होल्टवर एक व्होल्ट पडला तर २ टक्के गेले. टॉवरवर ४० मीटर उंचीवर ३०० वॅटचा रेडिओ असेल तर करंट ६.२५ अँपिअर आणि जाऊन-येऊन तार ८० मीटर. एक व्होल्टच्या आत राहायला तांब्याची ८.७५ चौरस मिलिमीटर, म्हणजे बाजारातली १० ची केबल लागते.

एसीचा एमसीबी डीसीवर वापरू नका. एसीत करंट प्रत्येक फेरीत शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती जळत राहते. डीसीच्या काही एमसीबींना दिशा असते, उलटा लावलेला एमसीबी पेटू शकतो. एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत आणि करंट चालू असताना ते कधीही ओढायचे नाहीत.

टॉवर, पॅनेलची चौकट आणि शेल्टर यांचे अर्थ एकमेकांना जोडा. वेगवेगळे ठेवले तर वीज पडल्यावर त्यांच्यात प्रचंड व्होल्टेजचा फरक तयार होतो आणि तो तुमच्या उपकरणांतून वाट काढतो. पॅनेलकडून येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटून आणा, मध्ये मोठं वेटोळं राहू देऊ नका. सर्ज प्रोटेक्टर पॅनेलच्या बाजूला आणि ४८ व्होल्टच्या बाजूला, दोन्हीकडे.

१०. जनरेटर ठेवायचा का?

फार महत्त्वाची साइट असेल तर ठेवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की सुरू, ७०-८० वर बंद. त्याला हलक्या लोडवर तासन्‌तास चालवू नका, न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये साचतं. एलएफपी जोरात चार्ज होते, त्यामुळे जनरेटर थोडाच वेळ पण भरपूर लोडवर चालतो.

११. वर चढण्याआधी पिशवीत आणि फाइलमध्ये

कागदपत्रं:
- मोजलेल्या लोडचा तक्ता आणि महिनावार सूर्यप्रकाश
- सिंगल लाइन डायग्राम आणि सगळ्या सेटिंगची यादी
- जागेची परवानगी, पायासाठी मातीचा अहवाल, पॅनेलच्या सांगाड्याचा वाऱ्याच्या दाबाचा हिशोब
- पॅनेलचं आयईसी ६१२१५ आणि ६१७३० प्रमाणपत्र
- लिथियम बॅटरीचं आयईसी ६२६१९ प्रमाणपत्र आणि यूएन ३८.३ चाचणी अहवाल. तो नसेल तर वाहतूकदार माल उचलत नाहीत

हत्यारं: डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन टेस्टर, टॉर्क पाना, लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोकाच्या) मापाचं क्रिंपिंग टूल, एमसी-फोरचा पाना, होकायंत्र, इन्फ्रारेड थर्मामीटर, इन्सुलेटेड पाने, हातमोजे, चष्मा. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या टर्मिनलवर त्यांचा शॉर्ट झाला तर हात जातो.

१२. चालू करताना

प्रत्येक स्ट्रिंगचं प्लस-मायनस आणि व्होल्टेज वेगळं मोजा, मगच एकत्र जोडा. सगळ्या लगना टॉर्क देऊन मार्करने रेघ मारा. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते. पूर्ण लोडवर तासभर चालवून प्रत्येक जोडावर थर्मामीटर धरा. शेजारच्या जोडापेक्षा एखादा ठळकपणे गरम असेल तर तो उघडून परत क्रिंप करा, नुसता आवळू नका.

मग संध्याकाळी पॅनेलचा स्विच पाडा, रात्र साइटवर काढा आणि सकाळी शंटवर किती अँपिअर-तास गेले ते पाहा. ४०० वॅटच्या लोडला १२ तासांत साधारण ९५ जायला हवेत. बरेच जास्त गेले असतील, तर मोजायचं राहिलेलं काहीतरी साइटवर चालू आहे. ते शोधूनच खाली उतरा.

१३. पहिलं वर्ष

बॅटरीची टक्केवारी, तिचं तापमान, प्रत्येक कंट्रोलरचा करंट, दाराचा अलार्म, एवढं दूरवरून दिसलंच पाहिजे. दोन आठवड्यांनी लगवरच्या रेघा तपासायला एकदा जा. केबलची भोकं बुजवलेली आहेत ना ते त्याच फेरीत बघा, उंदीर पहिल्या महिन्यातच आत येतात. पॅनेलचे नट चोराला साध्या पान्याने न उघडणारे लावा.

पहिली ढगाळ झड येऊन गेली की आलेखावर दोन तारखा शोधा: बॅटरी सर्वात खाली गेली ती, आणि त्यानंतर पहिल्यांदा १०० टक्के भरली ती. त्यांच्यातलं अंतर तिसऱ्या पायरीतल्या तुमच्या आकड्याशेजारी शेल्टरमधल्या वहीत लिहून ठेवा. दुप्पट आलं असेल, तर पुढचा वाईट महिना येण्याआधी पॅनेल धुवा, सावली बघा, आणि तरीही जुळलं नाही तर आणखी एक स्ट्रिंग मागवा.